जनरेटरची आंघोळ

आमच्या वस्तीवर वीज सगळ्यात शेवटी पोचते. बार्शीकडून निघालेली तार गावागावाला वाटत येते, डोंगराच्या पायथ्याला आमच्या गावात जरा टेकते आणि मग वाकड्या खांबांवरून धापा टाकत आमच्या तीन घरांपर्यंत चढते. त्यामुळं खाली कुठंही काही बिघडलं, फांदी पडली, वानरानं उडी मारली, की पहिला अंधार आमच्याकडं. वायरमन दुरुस्ती करत येणार तो खालून वर, म्हणजे उजेड मात्र शेवटी आमच्याकडं. त्याचा तरी काय दोष? तीन घरांसाठी डोंगर चढायचा म्हटल्यावर माणूस आधी बसून तंबाखू मळणारच.

सोलापुरात कुणाला सांगितलं की आमचं घर डोंगरावर आहे, तर लोक हसतात. त्यांच्या मते या जिल्ह्यात उंच म्हणावीत अशी फक्त साखर कारखान्यांची धुराडी. पण बालाघाटाची शेपटी आमच्या बाजूला येऊन पडलेली आहे. ज्याला ती खोटी वाटते त्यानं गॅसची टाकी खांद्यावर घेऊन आमच्या वस्तीवर एकदा चढून यावं.

मी स्वतः आता सोलापुरात राहतो. सरकारी कार्यालयात पंख्याखाली बसून काम करतो आणि सणावाराला बायकोला घेऊन वर जातो. वर आई आणि आबा, म्हणजे माझे वडील, दोघंच असतात. आबांची फुप्फुसं बिडी आणि मळणीयंत्राचा भुसा या दोघांनी मिळून खाल्ली. डॉक्टरांनी सांगितलं, आता दिवसाचा बहुतेक वेळ नाकाला नळी हवी. त्यासाठी हवेतून प्राणवायू गाळून देणारं एक पांढरं मशीन घरी आलं. ते विजेवर चालतं. म्हणजे आबांचा श्वास त्या वाकड्या खांबांवरून चढून यायचा.

मी म्हणालो, सोलापूरला चला. ते आलेही. चार दिवस फ्लॅटच्या बाल्कनीत बसून समोरच्या फ्लॅटच्या बाल्कनीकडं बघत राहिले. पाचव्या दिवशी म्हणाले, "हितं नळी लावून तरी काय उपेग? गाळायला आधी हवा पायजे की." आणि परत गेले.

मग घरात इन्व्हर्टर बसवला. पण त्याची बॅटरी दोन तासांत मान टाकायची आणि आमच्याकडं वीज जाते ती दोन तासांसाठी जात नाही. म्हणून घरात विचार सुरू झाला जनरेटरचा, आणि घरातला शिकलेला माणूस म्हणून तो घेऊन यायचं काम माझ्याकडं आलं. इथूनच सगळं बिघडायला लागलं म्हणायला हरकत नाही.

दुकानात गेल्यावर काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "ॲव्हरेज किती देतो?"

दुकानदार म्हणाला, "साहेब, हा जागचा हलत नाही."

तरीही मी समजल्यासारखी मान हलवली. शेवटी त्यानंच एक लाल रंगाचा, दोरी ओढून चालू करायचा, पेट्रोलवरचा छोटा जनरेटर माझ्या गळ्यात मारला. खरं सांगायचं तर तो चांगला निघाला. दुकानदारानं ठेवण्याबद्दलही काही सांगितलं होतं, पण तेव्हा मी दोरी ओढायचा सराव करत होतो.

म्हणून पहिल्या दिवशी मी तो आबांच्या खोलीच्या खिडकीखाली ठेवला. वायर कमी लागेल असा हिशेब. चालू केल्यावर प्राणवायूचं मशीन सुरू झालं आणि जनरेटरचा धूरही खिडकीतून सरळ आबांच्या खाटेवर गेला. आईनं खिडकी लावली, दार उघडलं आणि मला बाहेर काढलं. तो धूर माणसाला झोपेतच नेतो, हे दुकानदारानं सांगितलेलं मला तेव्हा आठवलं. मग जनरेटर गोठ्यात नेला. त्या आवाजानं म्हशीनं संध्याकाळचं दूध चोरलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचंही. शेवटी घराच्या दारापासून पंधरा-वीस पावलांवर, वारा घरापासून लांब जातो अशा बाजूला, दगड रचून वर पत्रा टाकला आणि तिथं त्याची कायमची सोय केली.

आबांनी त्याचं नाव ठेवलं जावई. "कधीमधी कामाला येतो, आल्याबरुबर प्यायला मागतो, लई आवाज करतो, आन त्याला कुटं बसवावं याचीच घरात चर्चा." बायको पदर तोंडाला लावून हसली. तिचे वडील मंद्रूपला असतात आणि माझ्याबद्दल त्यांचंही मत फार वेगळं नाही.

तर यंदाच्या दसऱ्याची गोष्ट.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडं त्या दिवशी घरातलं सगळं हत्यार घासूनपुसून ओळीनं मांडतात. कुऱ्हाड, पहार, विळे, खुरपी, शिलाई मशीन, मोटारसायकल, जे जे आपलं पोट भरायला मदत करतं ते सगळं. हळदकुंकू, फुलं, नारळ. आणि एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. त्याचा तो विसावा. आई या बाबतीत इतकी कडक की विळीसुद्धा मांडून टाकते. भाजी आदल्या दिवशीच चिरलेली असते आणि कांदा लागलाच तर बुक्कीनं फोडायचा. एका खंडेनवमीला आबांनी ऐकलं नाही, जळण फोडायला कुऱ्हाड उचलली आणि पायाचा अंगठा फोडून घेतला. ती खूण अजून आहे आणि आईनं ती आम्हा सगळ्यांना वेळोवेळी दाखवलेली आहे.

सकाळी शेजारच्या घरी चुलतभाऊ ट्रॅक्टर धुत होता. विहिरीच्या मोटारीला पाइप लावून असा काही फवारा मारत होता की ट्रॅक्टर लग्नाला निघाल्यासारखा दिसत होता. ते बघून मलाही उमाळा आला. म्हटलं, आपलंही एक यंत्र आहे. वर्षभर आबांचा श्वास सांभाळतं. त्याला नुसतं फडक्यानं पुसायचं?

ट्रॅक्टरच्या काही भागांवर चुलतभावानं प्लास्टिकच्या पिशव्या गुंडाळून दोरीनं बांधल्या होत्या. मला वाटलं, सणाची सजावट आहे आणि जरा गबाळी आहे.

त्याचं झाल्यावर मी पाइप मागून घेतला. जनरेटर पत्र्याखालून बाहेर काढला. धुण्याची पावडर, म्हशीचा ब्रश, सगळं घेतलं. बाजूचं एक झाकण क्लिपा काढून उघडलं, कारण वरवरची सफाई मला पटत नाही. आत एक स्पंज होता, बराच मळलेला. तो चोळला आणि परत बसवला. मग पाइपाचं तोंड बोटानं दाबून धार धरली. एका बाजूनं घातलेलं पाणी दुसऱ्या बाजूनं काळं होऊन बाहेर येत होतं. ते पांढरं येईपर्यंत मी थांबलो नाही. आबा ओसरीवर नळी लावून बसलेले होते. त्यांची नळी लांब आहे, ओसरीपर्यंत येते.

"जावयाला आंगूळ का?" ते म्हणाले.

"सण आहे आबा."

"उटनं लाव की मग."

मी खोबरेल तेलाचा हात फिरवला. खरोखरच फिरवला. लाल रंग असा चमकायला लागला की त्यात माझं तोंड दिसत होतं, आणि त्या वेळी ते मला बरंच हुशार वाटलं.

आईनं त्या पत्र्याखालीच पूजा मांडली. जनरेटर मधोमध बसवला. हळदकुंकवाची बोटं, झेंडूची माळ, समोर रांगोळी, पेढा. नारळ फोडला. बायकोनं फोटो काढला, मी तो नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "आमचा घरचा वीजमंत्री." लोकांनी हात जोडले.

मग पुरणपोळी झाली. दुपारी चुलतभाऊ बायकापोरांना मोटारसायकलवर घेऊन खालच्या गावात देवीला गेला. तिसऱ्या घरातले पुण्यात असतात. म्हणजे वस्तीवर आम्ही चौघं, म्हैस आणि विसावा घेत असलेली हत्यारं.

पोळ्या अंगावर आल्या होत्या. मी सतरंजीवर आडवा झालो होतो, तेवढ्यात डोंगरामागून परतीचा पाऊस आला. आधी वारा. गोठ्याच्या पत्र्यानं खडखडाट केला, अंगणातली रांगोळी पुसली गेली आणि मग जे पाणी सुरू झालं ते ओतल्यासारखं. खाली ओढ्याच्या बाजूनं एक मोठा आवाज झाला आणि पंखा थांबला.

इन्व्हर्टर टुक करून चालू झाला. आबांच्या मशीनचा गुरगुराट क्षणभर थांबला आणि परत सुरू झाला. आम्ही सगळ्यांनी त्या क्षणभरात एकमेकांकडं बघितलं नाही. आमच्या घरात ती पद्धत पडून गेली आहे.

मी वायरमनला फोन लावला. तो म्हणाला, ओढ्यापाशी बाभळ तारेवर पडली, खांब आडवा झालाय, ओढ्याला पाणी आलंय, पाणी उतरल्याशिवाय कुणीच पलीकडं येऊ शकत नाही. दवाखान्यात न्यायचं म्हटलं तरी वाट त्याच ओढ्यातून. घरात एक प्राणवायूचा सिलिंडर असतो अडीनडीला. तो भरायला बार्शीला दिलेला आणि दसऱ्यासाठी दुकान बंद.

"काळजी करायचं कारण नाही," मी म्हणालो. "जनरेटर आहे."

"त्येची पूजा झालीया," आबा म्हणाले.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी आईकडं बघितलं. आई देवळीपाशी उभी होती. ती आबांकडं बघत होती, पण आबांच्या तोंडाकडं नाही, पायाच्या अंगठ्याकडं.

"इन्व्हर्टर हाय तवर बघू," ती म्हणाली. "तवर लाईट आली तर आली."

आम्ही वाट बघत बसलो. पाऊस थोडा कमी झाला. वीज आली नाही. इन्व्हर्टरचा हिरवा दिवा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला आणि तो टी टी करायला लागला. आई उठली. हात धुतले, ताटलीत तांदळाला कुंकू लावलं, डोक्यावर पोतं घेतलं आणि पत्र्याखाली गेली. आम्ही मागोमाग.

आईनं जनरेटरवर अक्षता टाकल्या आणि दोन्ही हातांनी तो जरासा जागेवरून हलवला. पूजा संपवायची ती रीत. मग त्याच्याशी बोलली, अगदी हळू, झोपलेल्या माणसाला उठवावं तशी. "देवा, जरा ऊठ बाबा. तुजा इसावा उद्या घे. आज घरात नड हाय."

माळ काढून तिनं ती स्वतःच्या ओटीत घेतली आणि बाजूला झाली. मी चोक ओढला. पाय रोवले. दोरी ओढली.

सायलेन्सरमधून पाणी आलं.

धूर नाही, आवाज नाही. चूळ भरल्यासारखं पचकन पाणी बाहेर पडलं आणि रांगोळीच्या उरलेल्या भागावर सांडलं. मी परत ओढली. परत पाणी, जरा कमी. तिसऱ्यांदा नुसती फुसफुस.

बायको छत्री धरून उभी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. "अहो, तुम्ही धुताना आत पाणी घातलंय?"

"स्वच्छ केलाय," मी म्हणालो.

"आतनं?"

"आतनंच तर घाण होती."

तिनं छत्री माझ्यावरून काढून जनरेटरवर धरली. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. इतक्या थोडक्यात तिनं मला कधी काही सुनावलं नव्हतं.

मी परत परत दोरी ओढत राहिलो, कारण त्या क्षणी दोरी ओढणं एवढंच मला येत होतं. शेवटी बायकोनं दोरीवरच हात ठेवला. "सुम्म बसा की जरा." सुम्म म्हणजे गप्प. ती रागावली की तिच्या माहेरचं कानडी असं मध्येच येतं. "लग्नाच्या वेळी तुमच्याकडं ती जुनी मोपेड होती. पावसात बंद पडली की तुम्ही काय करायचात?"

"ढकलायचो."

"त्याआधी."

त्याआधी मी प्लग काढून पुसायचो. भिजलेला प्लग तापवला की मोपेड चालू व्हायची. हॉटेलवाल्याच्या शेगडीवर मी तो कितीदा तापवलाय. दुकानदारानं खोक्यात प्लगचा पाना दिलेला होता. तो मी इतके दिवस दार उघडं राहावं म्हणून फटीत लावत होतो. तो आणला, प्लग काढला. प्लगच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबत होता.

बायको प्लग घेऊन चुलीकडं पळाली. तव्यावर दुपारच्या पुरणपोळीचा खमंग वास अजून होता. त्या तव्यावर तिनं तुपाशेजारी प्लग ठेवला आणि उलथन्यानं इकडून तिकडून भाजला. इकडं मी स्पंज काढून पिळला, पोछा पिळतात तसा, आणि त्यातून जे निघालं ते बघून मला स्वतःचीच शिसारी आली. खाली कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू ढिला केला, तर आधी पाणी आलं, मग पाणी आणि पेट्रोल, मग बऱ्याच वेळानं नुसतं पेट्रोल.

पण वीज तयार होते त्या भागात, जाळीच्या आत, पाणी साचून होतं. ते तसंच ठेवून चालू करायचा म्हणजे एकाच झटक्यात जनरेटरही जायचा आणि मीही. वाळवायचं कशानं? केस वाळवायचं यंत्र घरात आहे, बायको आणते. त्याला वीज लागते.

आईनं चुलीची फुंकणी आणली.

तिनं फुंकणीचं टोक जाळीला लावलं आणि फुंकलं. पलीकडच्या भोकातून बारीक तुषार उडाले. तिनं परत फुंकलं. साठ वर्षं ओल्या जळणाशी झगडलेला दम तो. मग बायकोनं घेतली, मग मी, मग परत आई. माझ्या फुंकण्यानं काहीच उडत नव्हतं, म्हणून मला फडक्यानं टिपायच्या कामावर बसवलं.

तेवढ्यात घरातला टी टी आवाज थांबला. त्याच्यामागून मशीनचा गुरगुराटही थांबला.

बायको आत पळाली आणि आबांना खुर्चीसकट दारात घेऊन आली, मोकळ्या हवेला. ते पुढं वाकून, हात गुडघ्यांवर टेकवून बसले. तसं बसलं की त्यांना जरा बरं वाटतं. नळी नाकाला तशीच होती, उगाच. तिथून त्यांना आम्ही तिघं दिसत होतो.

"फुका, फुका," ते म्हणाले. "घरात फुकायला दम न्हाय असा मीच येकटा हाय."

"मामा, बोलू नका," बायको म्हणाली.

"बोलाया... पैसं पडत न्हाईत."

मी प्लग बसवला. गरम होता, बोटं पोळली. दोरी ओढली. एक धक्का आला, एक भक् असा आवाज, आणि बंद.

"खोकला," आबा म्हणाले. "तुज्यापेक्षा... माज्यावर गेलाय."

परत प्लग काढला. परत ओला. परत तवा. आबांची वाक्यं आखूड होत चालली होती. आधी त्यांना एक आख्खा टोमणा जमत होता. मग अर्धा. मग माझी दोरी हातातून निसटून मी मागं चिखलात बसलो आणि त्यांच्या तोंडून नुसतं "साहेब" एवढंच आलं. मी उठलो, परत प्लग बसवला, परत दोरी ओढली, परत नाही. चिखलानं माझी विजार पाठीमागून पूर्ण भरली होती आणि त्यावर आबा काहीच बोलले नाहीत.

मी दाराकडं बघितलं. ते डोळे मिटून होते. खांदे वरखाली होत होते, जणू सगळं काम खांद्यांनाच करायचंय. ज्या माणसानं मला चाळीस वर्षांत एकही संधी सोडली नाही, तो माझ्या चिखलानं भरलेल्या विजारीवर गप्प होता. तेव्हा मला खरी भीती वाटली. मी देवाला म्हणालो, मला वाटेल ते बोलू देत त्यांना, जन्मभर बोलू देत.

"पानी सपलं," आई म्हणाली. जाळीतून आता फुंकलं तरी काही उडत नव्हतं. तिनं पदरानं प्लगचं भोक आतून पुसलं, बोट घालून. तिच्या पदराला ते काळं अजून आहे. बायको तव्यावरून प्लग फडक्यात धरून घेऊन आली. मी घातला, आवळला. स्पंज न घालताच झाकण लावलं. चोक ओढला. दोरी मी हळूच ओढली, कुठंतरी अडेपर्यंत, आणि मग सगळ्या अंगानं.

भक्. भक्. मग एक मोठा फटाका, पांढऱ्या धुराचा लोट, आणि जनरेटर लागला. बारकं खाकरत, अडखळत, एका पायावर नाचल्यासारखा, पण लागला. मी चोक आत ढकलताना श्वास रोखून धरला होता. त्यानं आवाज खाली आणला, विचार केला, आणि मग एका लयीत चालायला लागला.

बायको आबांचं मशीन जोडायला वायर घेऊन निघाली, पण मी तिला थांबवलं. त्या दिवसातलं माझं एकमेव शहाणपण तेवढंच. थोडा वेळ त्याला मोकळा चालू दिला, तापू दिला. मग पायांत रबरी चपला घालून आधी एक बल्ब लावून बघितला. बल्ब लागला. पिवळा, जरा हलणारा, पण लागला. मग वायर आत गेली.

मशीन गुरगुरलं.

आम्ही तिघं दारात उभे राहिलो. कुणी बसलं नाही. आबांनी नळी सरळ केली. नाकानं आत ओढलं. परत ओढलं. खांदे हळूहळू खाली आले, आधी थोडे, मग बरेच. पावसाचे थेंब पत्र्यावरून पडत होते आणि मागं जनरेटर जावयासारखा ओरडत होता. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. म्हशीलाही तो ऐकू जात होता आणि तिच्या दुधाचं आता काय व्हायचं ते होवो, असं मी ठरवून टाकलं.

बऱ्याच वेळानं आबांनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. वरपासून खालपर्यंत.

"आरं," ते म्हणाले, "माग फिर जरा."

मी मागं फिरलो.

"त्यो चिखल," ते थांबून, दम घेऊन, पूर्ण वाक्य म्हणाले, "कोरडा झाल्याबिगर आत येऊ नको. आयनं सकाळीच सारवलंय."

मी हसायला लागलो आणि मला ते थांबवता येईना. बायकोही हसायला लागली. मग ती तिथंच उंबऱ्यावर बसली आणि तोंड पदरात घालून थोडं रडलीही. आबा म्हणाले, "हिला काय झालं?" आणि ती पदरातूनच म्हणाली, "काही नाही मामा, धूर." धूर घराकडं येत नव्हता हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

संध्याकाळी चुलतभाऊ वर आला. ओढ्याचं पाणी उतरलं होतं, वायरमन माणसं घेऊन खांबाला लागला होता, तिथून हा चिखल तुडवत आला. त्यानं जनरेटरकडं बघितलं, तव्यावरच्या काळ्या डागाकडं बघितलं आणि मला विचारलं, "धुताना पिशवी बांदली न्हाईस व्हय?"

"कसली पिशवी?"

तो मान हलवत मागं फिरला. मला वाटतं, तो घरी जाऊन हसला असणार. त्यांच्या घरातून बराच वेळ आवाज येत होता.

अंधार पडताना खाली लांबच्या गावांत दिवे लागले. मग पायथ्याच्या आमच्या गावात. मग आमच्या खांबावरची तार जरा हलली आणि पंखा फिरायला लागला. म्हणजे वीज आली. जनरेटर बंद करून मशीन भिंतीवरच्या बोर्डाला लावायचं, एवढंच काम होतं. पण ते करायला कुणी उठेना. दोन्हीकडचे दिवे आहेत तर असू देत, असं आम्हाला तिघांनाही वाटत होतं. शेवटी पेट्रोल संपायला आलं म्हणून मी गेलो. बायको आत बोर्डापाशी पिन धरून उभी राहिली. मी ओरडलो, "बंद करतो." ती ओरडली, "थांबा." मग, "करा." मध्ये गुरगुराट थांबला तो अर्ध्या श्वासापुरता. परत सुरू झाला. जनरेटर थंड होताना टिक् टिक् करत होता. मी त्याच्यावर हात ठेवून जरा वेळ उभा राहिलो आणि त्याला पुसायच्या भानगडीत पडलो नाही.

आत आलो तेव्हा बल्ब चांगला पांढरा लागला होता. आई आबांच्या खाटेवर बसली होती. तिनं त्यांचा हात बल्बासमोर उचलून धरला होता आणि एकेक नख दाबून बघत होती. डॉक्टरांनी तिला सांगितलेलं होतं, नख दाबून सोडलं की पांढरं होऊन परत लाल झालं पाहिजे, निळं राहता कामा नये. तिनं अंगठ्याचं बघितलं, शेजारच्या बोटाचं बघितलं, करंगळीपर्यंत गेली आणि परत अंगठ्यापासून सुरुवात केली. रंग आला होता. मलाही दारातून दिसत होता.

"झालं न्हवं बघून?" आबा म्हणाले.

आईनं हात सोडला नाही.

"आगं सोड की आता," आबा हळू आवाजात म्हणाले. "पोरं बगत्यात."